केल्यासारखं दिसू नये

—नाही, नाही, तुम्ही बोलू नका. ताणून धरा नीट, पापणी खाली, कपाळ वर. हां, अशी. बोललात की कातडी हलते आणि दोरा भलतीकडेच जातो. मी बोलले तर चालतं — बाकीच्या जणी दोऱ्याचं टोक दातात धरतात, मी गळ्यात अडकवते, म्हणून माझं तोंड मोकळं! कळलं हो मॅडम, 'भुवया करा, पण केल्यासारखं दिसू नये.' टेकडीवरच्या कॉलेजातून येणाऱ्या सगळ्या जणी हेच सांगतात. मागच्या दारानं येतात आणि हेच सांगतात. खालच्या कॉलेजच्या पोरी बघा — पुढच्या दारानं, खिदळत, 'मावशी, मस्त कमान काढा!' लाज नाही, लपवाछपवी नाही. तुम्ही लोक मात्र अशा येता, जसं काही चोरीचा माल घ्यायला आलाय. राग मानू नका. हलू नका.

मला ना, शिसारी आलीय या सगळ्याची. वरचं कॉलेज हुशारांचं, म्हणून तिथं गबाळंच दिसायचं. खालचं कॉलेज श्रीमंतांचं, देखण्यांचं — म्हणजे ढ! कुणी ठरवलं हे? अहो, कसले श्रीमंत? तिघी मैत्रिणी एकच चांगला ड्रेस आळीपाळीनं घालतात, बाहीवरचा डागसुद्धा ओळखीचा झालाय माझ्या. आणि तुमच्याकडचे? बापाची लांबलचक गाडी कोपऱ्यावर सोडतात आणि चुरगळलेला शर्ट घालून चढ चढतात, घाम पुसत. थू! — माफ करा. डावी झाली. आरसा मागू नका, दोन्ही झाल्यावर देते.

माझी मुलगी वरच आहे की, दुसऱ्या वर्षाला. सांगितलं नव्हतं ना? सांगत नाही मी. तिनंच बजावलंय, 'आई, तुझ्या गिऱ्हाइकांना सांगू नकोस.' तिला प्रवेश मिळाला तेव्हा मी काय केलं — पहिल्या दिवशी पहाटे उठून तिला अशी तयार केली, अशी केली! केस, भुवया, सगळं. मला वाटलं, एवढ्या मोठ्या ठिकाणी चाललीय, नीटनेटकी नको दिसायला? आईला दुसरं काय येतं हो? आणि वर्गात काय झालं, तर कुणी शेजारी बसेना. 'हिनं वशिला लावला असणार.' आता केसांना फणी लावत नाही, भावाचे ढगळे शर्ट घालते. मला हात लावू देत नाही चेहऱ्याला. मीच एकदा चिडून म्हटलं, भिकारणीसारखी दिसतेस. तर म्हणाली, 'तुझ्यामुळे मी मठ्ठ दिसते, आई.' माझ्यामुळे! — थांबा, दोरा तुटला. माझाच हात जोरात गेला. दुसरा घेते.

तरी परवा तोंडी परीक्षेला, मी हातापाया पडले म्हणून का होईना, बसली खुर्चीत. भुवया केल्या. हलक्याच केल्या, तुमच्यासारख्या. आणि परीक्षेला कोण मॅडम होत्या, त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि सगळ्यांदेखत विचारलं, 'खालच्या कॉलेजचा रस्ता चुकलात का? आरशासमोरून उठता तरी कधी, अभ्यासाला?' हसली सगळी. पोरीला उत्तर येत होतं हो! घरी येऊन मला घडाघडा म्हणून दाखवलं, रडत रडत. मला काय कळणार त्यातलं, मी नुसती मान हलवत होते. तिथं मात्र दातखीळ बसली. आता म्हणते, नाव काढून टाक, मला वर जायचंच नाही. दोन दिवस जेवली नाहीये. मी काय करू, सांगा तुम्ही, तुम्ही शिकवता ना तिथं? — डोळ्यांत पाणी आलं? येतं, इथली कातडी नाजूक असते. पुसा. काय म्हणालात? हळू बोलताय, ऐकू येत नाही.

'भिंगाचाच प्रश्न होता ना?'

हो, भिंगाचाच —

मी भिंगाचं बोललेच नाही, मॅडम.

...

उठा. नाही, उजवी राहिली, माहीत आहे मला. राहू दे तशीच. तो टॉवेल ठेवा खाली. कुठल्या भुवईनं वर्गावर जायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा. तिकडे नाही, मागचं दार बंद केलंय मी. पुढून जा, बाहेर पोरी बसल्यात रांगेत, त्यांच्यासमोरून. — चला, पुढची कोण? ये गं, बस.