कडक की नरम शॉकअप

“गाडी खड्ड्यात धाडकन आदळते, एकदा दाखवून घे,” असं सासूबाईंनी महिन्यापूर्वी बजावलं होतं. तिने ते हसण्यावारी नेलं होतं. आज तान्ह्याला मांडीवर घेऊन ती गॅरेजच्या बाकावर बसली होती. तिच्या गाडीशेजारच्या पिकअपखालून मिस्त्री बाहेर सरकला आणि म्हाताऱ्या ड्रायव्हरशी बोलू लागला.

“काका, चारही शॉकअप गेलेत. तेल गळून पार कोरडे झालेत.”

“नरम बसव.”

“बंद पडलेल्या गाड्या ओढता ना तुम्ही? नरम टाकले तर उतारावर मागच्या वजनाने पिकअप झोके खाईल. कडकच घ्या.”

“कडक घेतले तर रिकामी गाडी हाडं खिळखिळी करते.”

“तुमची हाडं कधीपासून नाजूक झाली?”

“माझी नाही रे. तुझी काकू असते शेजारी.”

“कामावरही बरोबर? या वयात भलतंच प्रेम!”

“एकटी ठेवली की घराबाहेर पडते आणि परतीची वाट विसरते. त्यात मणक्याचं ऑपरेशन झालंय.”

“मुलगी बघत नाही?”

“लांब असते. फोन करते बिचारी.”

“काका, खोटं सांगत नाही. नरम बसवून गाडी उलटली, तर दोघंही जाल.”

“मग कडकच टाक.”

“आणि काकू?”

“बाहेरून कुलूप लावीन. पाणी उशाशी ठेवीन.”

बाळ कधीच झोपलं होतं, तरी ती त्याला थोपटत राहिली.

तुमच्या गल्लीत एखाद्या दाराला दिवसभर बाहेरून कुलूप असेल आणि आत कुणाची चाहूल लागत असेल, तर खिडकीशी जाऊन एक हाक मारून बघा.