ड्रॉइंगवर न लिहिलेली ओळ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या कारखान्याचे मॅनेजर आदरणीय वाघमोडेसाहेब, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती महबूबमामा तांबोळी, शिरूरहून मुद्दाम आलेल्या हमीदामामी, आणि तिन्ही पाळ्यांतल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मी जयसिंग कोळपे, डिझाइन विभागातला. अध्यक्षांनी पाच मिनिटं दिली आहेत. आमच्या कवठ्यात पाच मिनिटांत नुसता रामराम होतो, तरी प्रयत्न करतो.

तपासणी विभागात मामांची बावीस वर्षं गेली. मामी सांगतात, घरी भाकरीसुद्धा उलटून बघितल्याशिवाय खात नाहीत. हसू नका, मामी खरं बोलतात. असा माणूस आज निवृत्त होतोय. त्यांचे गुण काय वर्णावेत? त्यापेक्षा दोन हजार तीन सालची एक गोष्ट सांगतो.

त्या साली आपण छोट्या वायरलेस सेटचा बोर्ड करत होतो. चिप बोर्डावर जिथं बसते तिथं तांब्याचे बारीक ठिपके असतात, ते पॅड. जागा फारच कमी, म्हणून मी पॅडमध्येच केसाएवढी भोकं दिली. त्यांना मायक्रोव्हिया म्हणतात. अशी भोकं बोर्ड बनवणाऱ्याकडून आधी तांब्यानं भरून, सपाट करून घ्यावी लागतात. नाही भरली, तर सांधा जोडणारं सोल्डर वितळताना आतली हवा वर येते आणि सांध्यात फुगा अडकतो. वरून सांधा झकास दिसतो. सेट हातातून पडला की मुका होतो.

सेट परत यायला लागले. चौकशी बसली आणि बोट गेलं कुणाकडं? बोर्डावर सोल्डरची पेस्ट लावायच्या मशीनवर काम करणाऱ्या चांगुणाबाईंकडं. पेस्ट नीट लावली नाही, हाताचा दोष, असा शेरा तयार झाला. बाई कंत्राटावर, घरी बसवायला कितीसा वेळ लागतो? फक्त तपासणीची सही बाकी होती.

मामा म्हणाले, सही करीन, पण आधी बघीन. त्यांनी परत आलेला एक बोर्ड करवतीनं कापला आणि तीन दिवस पॉलिश पेपरवर घासत बसले. आम्ही चेष्टा केली, मामा मसाला वाटताय का? चौथ्या दिवशी त्यांनी मला एकट्याला बोलावलं आणि सूक्ष्मदर्शकापुढं बसवलं.

"ह्ये दोन सांधे येकाच बाईनं, येकाच पाळीत केल्यात. भोक न्हाई तिथला भरीव हाय, भोक हाय तिथला पोकळ. मग हात कसा चुकला, साहेब?"

मी ड्रॉइंग काढून बघितलं. जुन्या बोर्डात भोकं पॅडच्या बाहेर होती. त्याच्या सूचना मी नव्या ड्रॉइंगवर जशाच्या तशा उतरवल्या. 'भोकं भरून घ्यावीत' ही एक ओळ लिहायची राहिली, आणि ती मीच लिहायची होती.

मामांनी अहवालात 'ड्रॉइंगमध्ये दुरुस्ती हवी' एवढंच लिहिलं. कुणाची चूक ते लिहिलं नाही. मला म्हणाले, "नाव तुमी सांगायचं. म्या सांगितलं तर ती चहाडी व्हईल."

मी वर जाऊन दोष सापडल्याचं सांगितलं. कुणाचा, ते सांगितलं नाही. ड्रॉइंग दुरुस्त झालं, बोर्ड सुधारले, आणि दोष शोधून काढल्याबद्दल प्रशस्तिपत्र मिळालं मला. याच हॉलमध्ये. मामा पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण पत्र घेतलं.

चौकशी संपेपर्यंत कामावरून थांबवलेल्या चांगुणाबाई एकोणीस दिवसांनी परत आल्या. शेरा मात्र फाइलमध्ये तसाच राहिला, कारण तो काढा म्हणून कुणी सांगितलंच नाही. तीन वर्षं कायम होणाऱ्यांची यादी लागते आणि त्यांचं नाव त्या शेऱ्यापाशी अडतं. पुढच्या महिन्यात पुन्हा यादी आहे. आणि मामा? या तीन वर्षांत त्यांनी मला एका शब्दानं विचारलं नाही. रोज कँटीनमध्ये माझ्यासमोर बसून जेवले. अहो, विचारलं असतं तर बरं झालं असतं.

वाघमोडेसाहेब, हे पत्र मी सगळ्यांसमक्ष आपल्या हाती देतो. चूक कुणाची ते त्यात लिहिलंय, खाली माझी सही आहे आणि ते प्रशस्तिपत्र सोबत जोडलंय. माझं काय करायचं ते आपण ठरवा. पण शेरा यादीच्या आधी निघावा, एवढी विनंती.

मामा, तुम्ही जायच्या आत बोललो. उशीर केला, हे कबूल.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मी आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर सभागृहानं सांभाळून घ्यावं. पण त्या ड्रॉइंगची माफी सभागृहाकडं मागून चालणार नाही. चांगुणाबाई मागं दाराजवळ उभ्या आहेत. बाई, तुमचा हात चुकला नव्हता. मी चुकलो होतो, आणि मामांनी सूक्ष्मदर्शकापुढं बसवलं त्या दिवसापासून मला ते माहीत होतं. मला माफ करा.