वच्छलाबाईच्या पोटावरची परीक्षा

ब्रह्मपुरीच्या स्टँडवर गडचिरोलीच्या गाडीची वाट पाहत होतो. मागच्या बाकावर दोघी शेजारणी बोलत होत्या. वच्छलाबाई मोठ्या दवाखान्यातून नुकत्याच सुटून आल्या होत्या आणि रीताला सगळं ऐकायचं होतं. तिथं परीक्षा झाली, असं वच्छलाबाई म्हणताच ती चमकली.

"परीक्षा? तुमची?"

"माही नाई वो, शिकाऊ डॉक्टरांची. पोट माहं, परीक्षा त्यांची. मोठा डॉक्टर म्हणे, बाई, हे पोट्टे कसे वागतात ते तूच सांग."

"मंग?"

"पहिल्यानं आल्याबरोबर पोट दाबलं. नाव नाई, गाव नाई. मी बोंबलली त म्हणे, 'बरोबर, इथंच दुखतंय.'"

"आन् दुसरा?"

"तो म्हणे, 'मावशी, हात लावू का?' मले एवढी शरम आली! माह्या नवऱ्यानं कधी नाई विचारलं."

"मंग त्यालेच पास केलं असन."

"नाई. म्या सांगतलं, पहिला पक्का डॉक्टर हाये. हा मायाळू हाये, पण डॉक्टर वाटत नाई. एकदाबी खेकसला नाई."

"अवो बाई! बुडवलं ना त्याले!"

"त्याचं तोंडच उतरलं. मंग मलेच कसंतरी वाटलं. म्हटलं, साहेब, उद्या माहं आपरेशन हाये ना, ते यालेच करू द्या."

"मंग?"

"पोट्टा घाबरला. म्हणे, 'मावशी, मला अजून येत नाही.'"

"अगं माय! मंग त गेलाच असन!"

"कायचा जाते? 'येत नाई' म्हणणारा डॉक्टर म्या जिंदगीत पहिल्यांदा पाह्यला. साहेबाले म्हटलं, आता करा याले पास."