न चुकणारा लंबक

मंडळी, एक विचारते. ज्याच्याशी आपण तोडून बोललो, तो माणूस दुसऱ्या दिवशी राहिलाच नाही, तर काय करायचं? आधी ऐका, मग सांगा.

बुधवार होता. नेहमीसारखा. माझे वडील, घोसाळकर सर, निवृत्त झाले तरी दर बुधवारी शाळेत अकरावीचं भौतिकशास्त्राचं प्रात्यक्षिक घ्यायचे. मुलं साठ आणि लंबक तीन! म्हणून मी संगणकावर एक लंबक केला, शाळेच्या संगणकावरही टाकून ठेवला. दोरी कमीजास्त करा, वीस झोके मोजा, वेळ घ्या, गुरुत्वाचा आकडा काढा. दुपारची जेवणं झाल्यावर बाबांना दाखवला. त्यांनी झोके मोजले. उत्तर — नऊ पॉइंट आठ, अगदी पुस्तकातलं. पुन्हा मोजले. नऊ पॉइंट आठ.

"माणिक, हा फार सज्जन आहे गं," बाबा म्हणाले. "चुकतच नाही. पोरं याच्याकडून शिकणार काय?"

तुम्ही हसलात. मी नाही हसले. म्हटलं, "बाबा, माझं कधी काही आवडलंय तुम्हाला?"

त्यांनी चष्मा पुसला आणि ते शाळेत गेले. संध्याकाळी दोघंही गप्प जेवलो. गुरुवारी सकाळी परसात फुलं काढताना बाबा गेले.

पाच महिने मी धरून बसले — बाबा दुखावून गेले.

आता बुधवारचं प्रात्यक्षिक मी घेते. परवा शर्वरी नावाची मुलगी जर्नल घेऊन आली. "ताई, या प्रयोगावर सरांची सही राहिलीय."

बघते तर उत्तर दहा पॉइंट आठ! आता मुलांची रीत तुम्हाला ठाऊक आहे. पुस्तकातलं उत्तर बघायचं आणि आकडे मागून जुळवायचे. माना खाली घालू नका, आपणही तेच केलंय.

"हे असंच कसं ठेवलंस?"

"सरांनी त्या शेवटच्या बुधवारी खोडू दिलं नाही. म्हणाले, माणिकचा लंबक लावा. त्यावरही दहा पॉइंट आठच! मग सर म्हणाले, हा तर चुकत नाही, मग चुकतंय कोण? तेव्हा सापडलं, ताई. घड्याळ सुरू करताना आम्ही 'शून्य' म्हणायच्या ऐवजी 'एक' म्हणत होतो. वीस म्हणेपर्यंत झोके एकोणीसच व्हायचे."

"आणि सर?"

"खूप हसले. म्हणाले, शून्यापासून मोजा असं तीस वर्षं मी तोंडानं सांगतोय, माझ्या लेकीनं दाखवून दिलं. आज ती चिडलीय, उद्या सांगतो तिला."

मंडळी, पाच महिन्यांनी मला नीट श्वास घेता आला.

मी काय केलं होतं? बाबांना माझं काही आवडत नाही, हे उत्तर आधी लिहून टाकलं. मग त्यांचं चष्मा पुसणं, गप्प जेवणं, सगळं त्यात बसवलं. तुम्ही घरात कोणाचं उत्तर असं आधीच लिहून ठेवलंय? तो माणूस समोर आहे तोवर पुन्हा मोजा.

बोललेलं परत घेता येत नाही. राहिलेलं बोलता येतं. ते आज तुमच्यासमोर बोलते. बाबा, लंबक मुलांसाठी केला असं मी सगळ्यांना सांगितलं. तो मी तुम्हाला दाखवायला केला होता.