उलाळ टांगा

चंद्रभागा : बाजूला हो, रऊफ. मी तुझ्याकडं नाय आले, तुझ्या घोडीकडं आले.

रऊफ : ये की मावशे. वाकून ये, तबेल्याचं दार ठेंगणं हाय. घोडी घरातच हाय, आज पाहुण्यांना भेटते.

चंद्रभागा : चेष्टा पुरे. हा भरडा हाय, गूळ घालून. माझी मैना वेळेवर दवाखान्यात पोचली ती हिच्या पायांमुळं. मायलेकी दोघी बऱ्या हायत.

रऊफ : नि टांगेवाल्याला काय?

चंद्रभागा : तुला कशाचं? लेक कळांनी तळमळत होती, नि तू दासगावपासनं महाडपर्यंत दांडीला माकडासारखा लोंबत गाणी म्हणत होतास. अख्ख्या तुडीलला सांगितलंय मी, घोडी चांगली, माणूस दारुडा.

रऊफ : म्हणून तुझ्या गावची माणसं माझा टांगा सोडून मोटारीची वाट बघत बसतात होय? मला वाटलं, माझ्या अंगाला वास येतो.

चंद्रभागा : मग खोटं हाय का?

रऊफ : थेंब घेत नाय मी. ते राहू दे. दमून आलीस, टांगा सोडलेलाच हाय. मागच्या बाकावर टेक घटकाभर.

(ती टेकते. टांग्याच्या दांड्या वर उठतात.)

चंद्रभागा : अगो बाय... मेल्या, म्हातारीला पाडतोस का?

रऊफ : धरलाय मी, पडत नायस. ही उलाळ. मागं वजन झालं की गाडी अशी उठते. घोडी जुंपलेली असली तर पट्टा तिच्या पोटात रुततो. बिचारीला पाय रोवता येत नाय.

चंद्रभागा : त्या दिवशी मैना मागं आडवी होती.

रऊफ : नि तू, नि तुमची सुईण. एरवी सांगतो, पुढं सरका. अडलेल्या बाईला कसं सांगू? पुढच्या बाकावर बसून माझ्या हाडांचं वजन पुरेना. मग दांडीवरच लोंबलो.

चंद्रभागा : नि गाणी?

रऊफ : तळवे सोलून हात सुटत होते. बोंबललो असतो तर मैना भ्याली असती.

चंद्रभागा : दाखव हात.

रऊफ : बरे झाले आता. घरात बायकोला, नसीबाला सांगितलं, घोडी चावली.

चंद्रभागा : दोन्ही तळव्यांना?

रऊफ : तिनं पण हेच विचारलं.

चंद्रभागा : मला तेव्हाच का नाय बोललास रे?

रऊफ : आजी झालीस तू त्या दिवशी. तुझ्याशी भांडत बसू? घोडी चांगली हाय, एवढं सांगितलंस ना गावात? झालं तर.

चंद्रभागा : ते अर्धंच झालं. उरलेलं उद्या पाणवठ्यावर सांगते.