बाबांचा गळ आणि रविवार

आमच्या सेक्टरचा नकाशा काढणाऱ्याने जन्मात कधी गळ टाकलेला नसणार. कोपऱ्याकोपऱ्यावर बाग, पण खाडीकडे जायला वाट नाही! पंच्याण्णव साली, चार रविवार सायकल दामटून मी नेरूळच्या घराजवळच एक जुना बांध शोधला आणि बाबांना नेलं. गाव सोडल्यापासून वीस वर्षं त्यांनी गळ धरला नव्हता. पोचलो, तर समोर नुसता चिखल.

शिंपल्या वेचणारी एक म्हातारी हसली. "आज दशमी, भरती रातच्याला. शुक्रवारी अमावस हाय, दुपारी या. पानी पायाशी येल."

"शुक्रवारी ऑफिस असतं, मावशी. मला रविवारच मिळतो," म्हणत बाबा दोरी गुंडाळू लागले.

"मंग रिटायर होऊन या, दादा. खाडी काय पलून चालली काय?"