सहा चाळीसला मी वर्गात होतो

ठिकाण: पोलीस ठाणे, रोसारियो शहर. गुरुवार, ११ एप्रिल २०१९, सकाळी दहा वाजून पाच मिनिटे.
नाव: अनेलुस सेंव्हिल. वय: ४९ वर्षे. देश: हैती. व्यवसाय: विद्यार्थी ("काही नाही" असे आधी लिहिलेले जबाब देणाऱ्याच्या सांगण्यावरून खोडले). राहणार: रेफिनेरिया वस्ती, सामाईक अंगणाचे घर, खोली क्रमांक चार, मुलीसोबत.

मी वरील इसम, ठाण्यात स्वतःहून हजर राहून, विचारलेल्या व न विचारलेल्या गोष्टींबद्दल खाली सांगतो ते असे:

व्यवसायाचा रकाना भरताना उपनिरीक्षक बेनेगास मला म्हणाले, "काका, वर वय एकोणपन्नास आणि खाली विद्यार्थी? वरचे साहेब मलाच हसतील." मी म्हणालो, "वय कमी करता येत नाही. खालचं तेवढं बदला." त्यांनी बदलले. हे इथे लिहावे असा माझा आग्रह आहे, म्हणून लिहिले आहे.

मी १७ जानेवारी रोजी पर्यटक व्हिसावर या देशात आलो. मुदत नव्वद दिवसांची. माझी मुलगी मिर्लांद इथे वैद्यकीय शिक्षण घेते, तिसऱ्या वर्षाला आहे. तिला भेटणे एवढाच हेतू होता. परतीचे तिकीट काढलेले होते. ते मी रद्द केले आहे.

माझे गाव आर्तिबोनितच्या डोंगरात आहे. तिथल्या मिशनच्या शाळेत मी सहावी पास झालो. आमच्या शाळेत धडा फ्रेंचमध्ये पाठ म्हणून दाखवला की पास करीत. मी सगळे धडे पाठ म्हणून दाखवले. नंतर सहा वर्षे सीमेपलीकडे डोमिनिकन बाजूला गवंडीकाम केले. बोलता येते ते स्पॅनिश तिथले. गावी परतल्यावर शेती, आणि बावीस वर्षे मयताच्या प्रार्थना. पाद्री डोंगरात वर्षातून दोनदाच येतो, आणि माणसे त्याच्या सोयीने मरत नाहीत. मधल्या काळात गावातलाच एक जण पुस्तक हातात घेऊन प्रार्थना म्हणतो. ते काम माझ्याकडे होते.

पुस्तक मी उघडून धरीत असे, परंतु म्हणत असे पाठ. पाने अंदाजाने उलटत असे. गावात सगळे समजत की अनेलुस वाचतो. प्रार्थना खऱ्या होत्या, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. वाचणे खरे नव्हते. हे मी आजवर फक्त देवाला सांगितले होते. आता ठाण्यातही नोंद होत आहे.

फेब्रुवारीत इथल्या चर्चमध्ये एका बाईंनी रविवारच्या वाचनासाठी माझ्या हातात पुस्तक दिले. मी ते उघडले. मला पाठ असलेले त्यात काही नव्हते. मी पुस्तक मिटून त्यांना परत दिले आणि जागेवर जाऊन बसलो. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, वस्तीतल्या प्रौढांच्या माध्यमिक शाळेच्या दारावर प्रवेश चालू असल्याचा फलक पाहिला व आत गेलो. सहावीचा दाखला मी नेहमी पासपोर्टाबरोबर ठेवतो.

घरी सांगितल्यावर मुलगी म्हणाली, "पप्पा, तुम्ही मला भेटायला आलात की माझ्याशी शर्यत लावायला?" नंतर ती बराच वेळ भांडी घासत होती. भांडी दोनच होती. दाखल्याचे भाषांतर व शिक्के तिनेच करून आणले.

परदेशी नागरिकांच्या कार्यालयात चौकशी केली असता खिडकीवर असे सांगण्यात आले की, शाळा मान्यताप्राप्त असल्यास, पर्यटक म्हणून मिळालेली मुदत संपण्यापूर्वी, देश न सोडता, विद्यार्थी म्हणून राहण्याचा अर्ज करता येतो. लागणारे कागद सात. त्यातले सहा माझ्याजवळ तयार आहेत. सातवा या ठाण्याने द्यायचा राहण्याचा दाखला. माझी मुदत येत्या बुधवारी, १७ तारखेला संपते. गुरुवारपासून ईस्टरच्या पवित्र सप्ताहाची सुट्टी आहे. म्हणजे बुधवारपर्यंत अर्ज खिडकीत गेला तर मी विद्यार्थी, नाही गेला तर मुदत संपलेला माणूस.

दाखल्यासाठी मी ५ एप्रिल रोजी इथे अर्ज दिला. रीत अशी की हवालदार घरी येऊन खात्री करतो. त्याप्रमाणे मंगळवारी, ९ एप्रिलला, सायंकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी हवालदार कोरेआ आले. त्यांच्या अहवालात लिहिले आहे: "सदर नावाचा इसम या पत्त्यावर राहत नाही. चौकशीत समजले की सदर घरात हैती देशाचे कोणीही राहत नाही." यावरून खोटा पत्ता दिल्याबद्दल माझा जबाब घेण्याचे ठरले. बोलावणे उद्याचे होते. मी आजच आलो.

माझे म्हणणे असे की पत्ता खरा आहे. मंगळवारी सहा वाजता आमचा वर्ग सुरू होतो. सहा चाळीसला मी वर्गात उभा होतो व पान क्रमांक एकतीस मोठ्याने वाचत होतो. विषय भूगोल, पराना नदीची बेटे. शिक्षिका सिल्व्हिना बाई यांच्या हजेरीत नोंद आहे व तिची सही-शिक्क्याची प्रत मी सोबत जोडली आहे. घरी नव्हतो हे कबूल. मी विद्यार्थी आहे म्हणूनच घरी नव्हतो.

"घरात हैतीचे कोणी राहत नाही" असे हवालदारांना कोणी सांगितले, असा प्रश्न मला विचारण्यात आला. ते मला माहीत आहे. नाव सांगणार नाही, असे मी उत्तर दिले. नाव सांगितल्यास माझ्यावरचा ठपका लगेच निघेल व तो त्या व्यक्तीवर जाईल, हे मला समजावून सांगण्यात आले. मला समजले. उत्तर तेच आहे.

कारण विचारल्यावरून सांगतो. आमच्या डोंगरात बूट घातलेला अनोळखी माणूस फाटकाशी येऊन कोणाचे नाव विचारू लागला, तर उत्तर ठरलेले असते. असा कोणी इथे राहत नाही. मग तो माणूस मागच्या खोलीत जेवत का बसलेला असेना. हे आम्हाला कोणी शिकवीत नाही. आम्ही चालायला शिकतो तसे ते येते. मी आठ वर्षांचा असताना गावात नव्याने आलेल्या एकाने बूटवाल्यांना खरे उत्तर दिले होते. ते माझ्या वडिलांबद्दल विचारीत होते. त्याबद्दल इथे अधिक लिहिण्याचे कारण नाही. हुकूमशहाचे ते राज्य गेले, त्याचे ते बूट गेले, सवय राहिली आहे. इथल्या अंगणातही ती आमच्याबरोबर आली, त्यात ज्याने उत्तर दिले त्याचा दोष नाही. मला वाचवण्यासाठीच ते उत्तर दिले गेले.

उपनिरीक्षक बेनेगास यांनी खुर्ची मागे सरकवून माते, म्हणजे इथला कडू चहा, प्यायला घेतला, मलाही दिला. म्हणाले, "काका, एवढा त्रास कशाला? सगळे काय करतात? बसमध्ये बसायचं, नदी ओलांडून उरुग्वेत जायचं, जेवायचं, परत यायचं. नवा शिक्का, नवे नव्वद दिवस. मी इथे लिहितो, पर्यटक आहे, राहण्याचं ठिकाण पक्कं नाही. प्रकरण मिटलं."

मी पासपोर्ट उघडून त्यांच्यासमोर ठेवला व विचारले, "हे वाचता का?"

त्यांनी वाचले. व्हिसावर "प्रवेश: एकदा" असे आहे.

मी म्हणालो, "तुम्ही सांगता ती युक्ती दुसऱ्या पासपोर्टांची आहे. मी ती नदी ओलांडली की माझ्यासाठी ती समुद्र होते. आणि समजा परत येता आलं, तरी मी फिरायला आलेलो नाही. मी शिकतो. जे आहे ते लिहा."

ते म्हणाले, "या वयात शाळा कशाला हवी, ते तरी सांगा."

मी म्हणालो, "सात कागदांत हा प्रश्न कुठेच नाही."

त्यांनी माते परत घेतला.

अकरा वाजून दहा मिनिटांनी, जबाब चालू असताना, आमच्या घरातील खोली क्रमांक दोनमध्ये राहणाऱ्या श्रीमती इलियान पेतिफ्रेर, वय ५८, हैती देशाच्या, ठाण्यात आल्या. मी त्यांना बोलावलेले नव्हते. घरात सगळे त्यांना मावशी म्हणतात. त्यांच्या अंगावर स्वयंपाकाचा एप्रन होता व एका हाताला पीठ होते. पुढील बोलणे झाले तसे लिहावे अशी मी विनंती केली व उपनिरीक्षकांनी ती मान्य केली.

श्रीमती इलियान: "ते मी सांगितलं. अनेलुसदादांना सोडा."

बेनेगास: "त्यांना कोणी धरलेलं नाही, बाई. बसा."

श्रीमती इलियान: "मग हे टाइप काय चाललंय? मी बसणार नाही. कोण आला होता, तो हा का?" (हवालदार कोरेआ त्या वेळी दाराशी उभे होते.) "काय रे बाबा, मी फाटकात उभी. माझ्या डोक्याला हा असा रुमाल. घरात आमचं गाणं लावलेलं, कढईत केळी, धूर तुझ्या तोंडावर. तू विचारतोस, इथे हैतीचं कोणी राहतं का. मी म्हटलं, नाही. आणि तू ते लिहून घेतलंस?"

कोरेआ: "तुम्ही सांगितलंत म्हणून लिहिलं."

श्रीमती इलियान: "आणि मी कुठली वाटले तुला? नॉर्वेची?"

यावर उपनिरीक्षक बेनेगास हसले. टेबलावर माते सांडला, त्यामुळे या पानाच्या कोपऱ्यावर डाग आहे. पान बदलू नये असे मी सांगितले.

कोरेआ म्हणाले की त्यांनी कायद्याने विचारले होते. श्रीमती इलियान म्हणाल्या, "कायद्याने नाही, टोपी घालून विचारलंस. टोपी काढून, नमस्कार मावशी म्हणाला असतास, तर खोलीत नेऊन दादांच्या वह्या दाखवल्या असत्या. केळीही खाऊन गेला असतास." त्यांनी पुढे सांगितले की सदर अनेलुस सेंव्हिल खोली क्रमांक चारमध्ये राहतात, पहाटे उठून प्रार्थना करतात, मग अंगणात बसून मोठ्याने वाचतात, आणि "पराना नदीची सगळी बेटं आता आम्हालाही पाठ झाली आहेत." त्यांचे म्हणणे वेगळ्या कागदावर घेतले आहे. त्यांच्यावर कारवाई करायची झाल्यास माझ्यावरही करावी, कारण त्यांच्या जागी मी असतो तर हेच उत्तर दिले असते. उपनिरीक्षक म्हणाले की कारवाईचा विचार नाही. तेही इथे लिहून घ्यावे असे मी सांगितले. लिहिले आहे.

आता माझे मागणे. मंगळवारचा अहवाल रद्द करून घराची पुन्हा खात्री करावी. हवालदार कोरेआ यांनी आज दुपारी तीन वाजता येण्याचे मान्य केले आहे. मी फाटकात उभा असेन. दाखला उद्या, शुक्रवारी मिळावा, म्हणजे सोमवारी मी कागद खिडकीत देईन. आज काही कारणाने तीनला येणे झाले नाही व संध्याकाळी आलात, तर मी घरी सापडणार नाही. सहा ते नऊ मी वर्गात असतो. तिथे यावे. दुसरा मजला, डावीकडची दुसरी खोली, पुढून पहिला बाक. येताना दार वाजवावे, सिल्व्हिना बाईंना मध्ये बोललेले आवडत नाही.

उद्या मी पुन्हा येईन. दाखला तयार नसेल तर बाकावर बसून राहीन. वही बरोबर असेल, त्यामुळे माझा वेळ वाया जाणार नाही. मला कोणतीही मेहरबानी नको आहे. मी जिथे राहतो तिथे राहतो, आणि जे करतो ते करतो, एवढेच कागदावर यावे.

जबाब संपल्यावर उपनिरीक्षक बेनेगास यांनी तो मला वाचून दाखवण्यासाठी पाने हातात घेतली. मी ती मागून घेतली. शेवटच्या पानावर तळाशी आधीपासून छापलेले होते: "सदर इसमास वाचता येत नसल्याने जबाब वाचून दाखवला." ही ओळ खोडावी असे मी सांगितले. ते म्हणाले, "काका, तो छापील मजकूर आहे, सगळ्यांच्याच कागदावर असतो." मी म्हणालो, "माझ्या कागदावर नको." त्यांनी ती खोडली व बाजूला स्वतःची सही केली.

त्यानंतर मी हा जबाब पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत उभा राहून मोठ्याने वाचला. अठ्ठावीस मिनिटे लागली. तीन ठिकाणी अडलो. तिन्ही ठिकाणी उपनिरीक्षक शब्द सांगायला निघाले, तेव्हा मी हात वर करून त्यांना थांबवले व तो शब्द स्वतः लावला. श्रीमती इलियान व हवालदार कोरेआ शेवटपर्यंत हजर होते. कोरेआ यांनी मध्येच केव्हातरी टोपी काढली. प्रत्येक पान मी त्यावरची शेवटची ओळ संपल्यावर उलटले.

लिहिलेले मी सांगितल्याप्रमाणेच आहे.

सही: अनेलुस सेंव्हिल, विद्यार्थी
समक्ष: उपनिरीक्षक बेनेगास
दुपारी बारा वाजून पन्नास मिनिटे